एसी आहे, पण लावायचा नाही

आमची पहिली चारचाकी आली ती दोन हजार सालानंतर, माझ्या यजमानांना बढती मिळाली त्या वर्षी. पांढऱ्या रंगाची, सहा वर्षं वापरलेली, हुबळीतल्या एका सिमेंटच्या व्यापाऱ्याची. त्याने बॉनेटवर थाप मारून सांगितलं, "साहेब, ह्याला एसी पण आहे. त्याचे मी वेगळे पैसे धरलेले नाहीत." हे ऐकून यजमानांचा चेहरा इतका खुलला की इंजिनाचा आवाज नीट ऐकायचं राहूनच गेलं.

यजमान पाटबंधारे खात्यात होते. धरणातलं पाणी उन्हाळा संपेपर्यंत कसं पुरवायचं, या काळजीत त्यांची सगळी नोकरी गेली, आणि संध्याकाळी ती काळजी त्यांच्याबरोबर घरी येई. गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कचेरीत त्यांना कोणीतरी सांगितलं, की एसी लावला की पेट्रोल जास्त लागतं. येताना ते औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी घेऊन आले आणि तिचा एक तुकडा एसीच्या बटणावर आडवा लावून टाकला.

"चुकून दाबला जाऊ नये म्हणून," ते म्हणाले.

"मग एसीची गाडी घेतली कशाला?" मी विचारलं.

"आपण एसीची गाडी घेतलेली नाही. आपण गाडी घेतली, तिला एसी होता."

सासूबाईंना हे एकदम पटलं. त्यांना मी अत्या म्हणत असे, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. अत्यांचं सगळं आयुष्य धारवाडात गेलेलं, आणि धारवाडच्या हवेचा त्यांना घरच्या माणसासारखा अभिमान होता. "यंत्राची हवा घ्यायला आपण काय हुबळीत राहतो?" असं त्या म्हणायच्या. हुबळी आमच्यापासून वीस किलोमीटर. पण अत्यांच्या बोलण्यात ती कुठल्या तरी वाळवंटापलीकडे असायची.

एसी वर्ज्य असला तरी एसीचा मान मात्र यजमानांना सोडवत नव्हता. ज्युबिली सर्कल जवळ आलं की ते म्हणत, "काचा वर घ्या." सर्कलला त्यांच्या खात्यातलं कोणी ना कोणी चहाला उभं असे, आणि काचा बंद म्हणजे आत एसी चालू, असा लोकांचा समज. मग ऐन एप्रिलच्या दुपारी आम्ही तिघं बंद काचांआड ताठ बसून, गार वाटत असल्याचा चेहरा करून, सर्कल ओलांडायचो. माझ्या पाठीवरून घामाची धार निघून कमरेपर्यंत पोचायची. बाजार मागे पडला की काचा खाली. अत्या पदराने वारा घेत म्हणायच्या, "काय रे बाबा तुझा हा मान. भिजून चिंब झाले की मी."

अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात पुण्याहून वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण, त्यांची अक्का. त्यांच्या नवऱ्याला आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. अण्णांचं हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आता ते हिंडूफिरू लागले होते, आणि मे महिन्यात विजापूरला त्यांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज होती. आधी धारवाडला येऊन चार दिवस अत्यांजवळ राहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून मुंजीला जायचं, असा अण्णांचा बेत. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, की उन्हाळ्याच्या गरमीत लांबचा प्रवास नको.

"धारवाडहून पुढे बसने तर नेता येणार नाही," वन्सं म्हणत होत्या. फोनचा आवाज एवढा मोठा, की मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू येत होता. "आणि विजापूरचं मे महिन्यातलं ऊन तुला माहीत आहे. मी त्यांना नको म्हणून सांगते, ते ऐकत नाहीत. काय करू?"

"काय करू म्हणजे? आपल्या गाडीला एसी आहे की!" यजमान म्हणाले.

फोन खाली ठेवल्याबरोबर त्यांनी गाडीची किल्ली घेतली. मग आम्ही तिघं अंगणात गाडीत जाऊन बसलो. पुढे अत्या, मागे मी. यजमानांनी नखाने पट्टी सोडवली, इंजिन सुरू केलं आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. डॅशबोर्डच्या जाळीतून ओल्या गोणपाटाच्या वासाची गरम हवा आली, आणि तिच्या पाठोपाठ कडुलिंबाचं एक वाळकं पान उडून अत्यांच्या मांडीवर पडलं. अत्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिडकीतून बाहेर टाकलं.

"अण्णा यायला किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"पाच आठवडे," यजमान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून हुबळीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे टाय लावलेल्या तरुणाने गाडीत बसून बटण दाबलं, जाळीपुढे हात धरला आणि सांगितलं, "कॉम्प्रेसर गेलाय, सर. सोळा हजार." यजमान परत आले तेव्हा चपला काढायच्या विसरून सरळ स्वयंपाकघरात आले आणि माठातलं दोन तांबे पाणी प्याले. "बॉनेटसुद्धा उघडलं नाही त्याने," ते म्हणाले. "नुसता हात धरला. माझा नाडी बघणारा वैद्य याच्यापेक्षा जास्त वेळ घेतो."

मग त्यांनी स्वस्तातली वाट शोधली. हुबळीतच रस्त्याच्या कडेला रेडिएटर जोडून देणारा एकजण साडेतीनशे रुपयांत गॅस भरून देत होता. पंधरा मिनिटांत काम झालं. त्या संध्याकाळी यजमान घरी आले तो चेहरा मला अजून आठवतो.

"भरून दिला. काय गार झाली होती गाडी! उणकल तळ्यापर्यंत तर स्वेटर घालावा असं वाटत होतं."

"आणि मग?"

"नवनगरला बरी होती."

"आणि मग?"

"रायापूरला कोमट. धारवाडात शिरताना काचा खाली घेतल्या."

चार दिवसांनी ते पुन्हा त्याच माणसाकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, गॅस आहे तो. उडणारच. पुन्हा भरू." पुन्हा भरला. या वेळी गारवा नवनगरपर्यंतसुद्धा पोचला नाही.

मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. फ्रिज कसा चालतो याची आकृती पंधरा वर्षं फळ्यावर काढत आले होते. डाव्या बाजूला कॉम्प्रेसर, वर वेटोळी नळी, बाण कुठल्या दिशेने हेही पाठ. तेव्हा या बाबतीत आपल्याला दोन शब्द बोलायचा हक्क आहे, असं मला वाटलं.

"एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही," मी जेवताना म्हटलं. "तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला पाहिजे. आणि हे मी पाटबंधारे खात्यातल्या माणसाला सांगायचं का?"

यजमानांनी भाताचा घास थांबवून माझ्याकडे पाहिलं.  हात धुऊन झाल्यावर गाडीची किल्ली आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

शाळेला सुट्टी लागली होती, पण पेपर तपासायला आम्ही जात होतो. प्रयोगशाळेतल्या आमच्या जुन्या शिपायाला मी सहज विचारलं, तर त्याने लगेच पत्ता दिला. "हुबळीत गोकुळ रोडला एक म्हातारा आहे, बाईर. तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. कारखाना बंद पडला, आता गाड्यांचे एसी बघतो. पण घाईचं काम करत नाही. सकाळी जायला पाहिजे आणि जेवणाचा डबा न्यायला पाहिजे."

मी गाडी शिकले होते, पण हुबळीपर्यंत एकटीने कधी नेली नव्हती. एकटीने नेण्याची वेळही आली नाही, कारण किल्ली उचलेपर्यंत अत्या दारात तयार उभ्या होत्या. एका हातात दशम्यांचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि खांद्यावर शाल.

"शाल कशाला, अत्या? बाहेर ऊन बघा की."

"दुरुस्त झाला तर?" त्या म्हणाल्या.

गोकुळ रोडच्या एका लेथच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड होती. म्हातारा बाहेरच होता. साठी ओलांडलेला, खाकी शर्ट, हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले. अशा कामाच्या माणसाचे इतके स्वच्छ हात मी पहिल्यांदाच बघत होते. "बर्री अक्कार, कूड्री," या ताई, बसा, असं म्हणून त्याने मला स्टूल दिलं आणि अत्यांना कुठल्याशा जुन्या गाडीचं काढलेलं सीट. अत्या त्यावर ऐसपैस बसल्या. पुढचं बोलणं कानडीतच झालं, अधूनमधून मराठी मिसळत, आमच्याकडे होतं तसं.

त्यानेही आधी बॉनेट उघडलं नाही. पण त्याने प्रश्न विचारले.

"एसी शेवटचा कधी लावला होता?"

मी अत्यांकडे पाहिलं. अत्यांनी शेडच्या छताकडे पाहिलं.

"लावलाच नव्हता," मी म्हटलं.

"बिघडल्यापासून?"

"घेतल्यापासून."

"घेऊन किती झाले?"

"दोन वर्षं."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "का हो?"

"पेट्रोल वाचावं म्हणून."

तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगतात तसं सावकाश सांगू लागला. "ह्या नळ्यांतून नुसता गॅस फिरत नाही, अक्कार. गॅसबरोबर थोडं तेल फिरतं. प्रत्येक जोडात एक रबरी रिंग असते, तिला ते तेल लागतं. तुमचं दोन वर्षं फिरलंच नाही. रिंगा वाळल्या, आकसल्या, त्यांच्याकडेने गॅस निघून गेला. लोक एसी वापरून बिघडवतात. तुम्ही न वापरता बिघडवला."

अत्या सीटवर पुढे सरकल्या. "हे सगळं माझ्या मुलाला सांगायला पाहिजे. आमच्या घरी चल की रे बाबा एकदा. जेवायलाच ये."

मग बॉनेट उघडलं. त्याने कॉम्प्रेसरच्या पुढची थाळी बोटाने फिरवली, कान जवळ नेऊन ऐकलं, पुन्हा फिरवली.

"हा गेलाय ना?" मी भीत भीत विचारलं.

"कोण म्हणालं? ठणठणीत आहे."

सोळा हजार रुपये असे एका वाक्यात उतरले. मला उठून त्या म्हाताऱ्याला नमस्कार करावासा वाटला, पण शिक्षकी पेशा आड आला.

गळती शोधायची पद्धत इतकी साधी निघाली, की मला माझ्या पंधरा वर्षांच्या फळ्याची लाज वाटली. एका उंच टाकीतून त्याने नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरला, कपडे धुवायच्या साबणाचा दाट फेस केला आणि दाढीच्या ब्रशाने एकेका जोडाला लावत सुटला. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडा फुगतो. बघत बसायचं, एवढंच. तो बघत बसला, मी वाकून बघत बसले. दहा मिनिटं काही फुगेना.

अत्या कधी उठून आल्या ते कळलंच नाही. पन्नास वर्षं चुलीसमोर, शेगडीसमोर आणि गॅससमोर उभं राहून त्यांनी दुधावर नजर ठेवली होती, आणि त्यांच्या हातून दूध उतू गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्यांनी दिव्यामागच्या सांदीत बोट केलं.

"तो बघा. फुगतोय."

"कुठे?"

"तो काय. आता फुटेल. फुटला. बघा, पुन्हा आला."

म्हाताऱ्याने चष्मा वर करून पाहिलं. डाळीएवढा बुडबुडा, सावकाश, एका जोडाखालून डोकं वर काढत होता. "बरोबर आहे, अव्वा," तो म्हणाला. "मी कारखान्यात असताना तुमच्यासारखं माणूस मिळालं असतं तर." अत्यांनी पदर सारखा केला. दुसरी गळती त्याची त्यानेच शोधली, पण तोवर अत्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यांच्या मते ती किरकोळ होती.

त्याने सगळ्याच रिंगा बदलल्या आणि नळीतला ओलावा शोषणारी लहानशी डबी, तिला ड्रायर म्हणतात, ती नवी घातली. मग रेडिएटरच्या पुढची जाळी दाखवली. इथे गरम गॅस निवतो. जाळी पूर्ण बुजली होती. नरगुंदकडच्या रस्त्यावर शेतकरी जोंधळ्याची कणसं पसरून ठेवतात, गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. त्याचा दोन सुग्यांचा भुसा तिथे अडकून बसला होता, आणि भुशात फुलपाखरांचे पंख. मागच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून त्याने ती जाळी धुतली. अत्या भुशाकडे बघून म्हणाल्या, "एका कोंबडीचं पोट भरेल."

यानंतर एक लहानसा पंप नळ्यांना जोडला. तो टकटक करत आतली सगळी हवा ओढून काढू लागला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"अर्धा तास हा. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघायचा. हलला नाही तरच गॅस."

"त्या दुसऱ्या माणसाने पंधरा मिनिटांत भरला होता."

"म्हणून तुम्ही इथे आलात," तो म्हणाला.

आता मला राहवेना. "हवा काढतात कारण हवा राहिली तर आतला दाब वाढतो," मी सांगून टाकलं.

"बरोबर. आणि?"

आणि काय ते मला येईना. तो वाट बघत राहिला. मी वर्गात मुलांची बघते तशीच.

"पाणी," शेवटी तोच म्हणाला. "हवेत पाणी असतं. गॅस ज्यातून सुटतो त्या बारीक भोकाशी ते गेलं, की त्याचं बर्फ होतं आणि वाट बुजते. मग दहा मिनिटं गार, दहा मिनिटं गरम. लोक म्हणतात भुताटकी आहे."

हवेतलं पाणी मोजायचा प्रयोग मी दरवर्षी करून घेत असे. पण ते पाणी एसीच्या नळीत जाऊन बसेल हे कधी सुचलं नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी ते वर्गाला सांगितलं. एका मुलीने विचारलं, "टीचर, हे पुस्तकात कुठे आहे?" मी म्हटलं, "गोकुळ रोडला आहे."

काटा बघता बघता आम्ही जेवलो. त्याच्या डब्यात भाकरी आणि भरली वांगी, आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. अत्यांनी त्याची अर्धी भाकरी घेऊन त्याला दोन दशम्या वाढल्या. त्याने बर्फाच्या कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना आत ते घोंगडी पांघरून काम करत, आणि जेवणाच्या सुट्टीत ऊब यावी म्हणून उन्हात जाऊन बसत.

"मग आता तुझ्या घरी एसी असेल," अत्या म्हणाल्या.

"नाही री, अव्वा. आमच्या गल्लीत गाळी चांगली आहे."

गाळी म्हणजे वारा. अत्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. हुबळीत असं म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

काटा तसूभरही हलला नव्हता. मग त्याने गॅसची टाकी किराण्याच्या दुकानात असतो तसल्या काट्यावर ठेवली आणि तोलून मापून गॅस सोडला. इंजिन चालू होतं. थोड्या वेळाने बॉनेटखालच्या एका जाड नळीवर दव साचायला लागलं. "थंड आगेति," गार झालं, तो म्हणाला, आणि मला हात लावून बघायला सांगितलं. एवढ्या उन्हात ती नळी विहिरीतून काढलेल्या कळशीसारखी लागत होती. पंधरा वर्षं मी त्या नळीच्या जागी खडूने निळा बाण काढत होते.

मागे वळून पाहते तो अत्या गाडीत. दार लावलेलं, काचा वर, अंगावर शाल. मी खुणेने विचारलं. त्यांनी काच थोडी खाली केली.

"तपासून बघतेय," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

सगळं मिळून अठराशे रुपये झाले. घासाघीस करायची असं मी घरून ठरवून आले होते, पण सकाळपासून त्याचे हात बघितल्यावर ते तोंडातून निघेना. मी पैसे मोजून देत होते तेव्हा बंद काचेआडून अत्या काहीतरी जोरजोरात सांगत होत्या. त्या म्हणत होत्या, "शंभर कमी करायला सांग." हे मला उणकलला कळलं.

निघताना म्हाताऱ्याने एक वचन घेतलं. "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा. थंडीत सुद्धा. पावसात सुद्धा. साहेबांना सांगा, त्याला लागणारं पेट्रोल हे औषध समजा."

परतीच्या वाटेवर उणकलला गार होतं. नवनगरला गार होतं. रायापूर गेलं. ज्युबिली सर्कलला काचा वर घेऊन आम्ही दोघी चाललो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. चहाच्या टपरीपाशी यजमानांचे एक सहकारी उभे होते. अत्यांनी त्यांना आतून अगदी सावकाश, राणीसारखा हात केला.

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. न वापरल्यामुळे बिघडला, हे वाक्य मी त्यांना दोनदा ऐकवलं, अत्यांनी तीनदा. ते गाडीत एकटेच जाऊन बसले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. "ठीक आहे," म्हणाले. "रविवारी सकाळी. दहा मिनिटं. घड्याळ लावून."

पहिल्या रविवारी आम्ही बरोबर दहा मिनिटं गेलो. शेतकी कॉलेजच्या फाटकाच्या जरा पुढे त्यांनी एसी बंद केला आणि तिथूनच गाडी वळवली. दुसऱ्या रविवारी घड्याळ अत्यांनी आपल्याकडे मागून घेतलं. त्या दिवशी दहा मिनिटं व्हायला नवनगर यावं लागलं. तिसऱ्या रविवारी आम्ही हुबळीला जाऊन इडली खाऊन आलो, आणि यजमानांनी वेळ विचारलीच नाही.

मे महिन्यात वन्सं आणि अण्णा रात्रीच्या रेल्वेने आले. अण्णा फार वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. पण तोंड पूर्वीसारखंच चालत होतं. विजापूरला जाताना आम्ही पहाटेच निघालो, म्हणून उन्हाचा त्रास झाला नाही. अण्णा पुढे, आम्ही तिघी मागे. वन्सं दर थोड्या वेळाने पुढे वाकून विचारत होत्या, "बरं वाटतंय ना?" कोल्हारच्या पुलावर अण्णा म्हणाले, "बरं वाटतंय. पण दर पाच मिनिटांनी उत्तर देऊन दम लागतोय."

परतताना मात्र दुपार झाली. मुंजीचं जेवण लांबलं, नातेवाईक अण्णांना सोडेनात, आणि निघालो तेव्हा ऊन अगदी माथ्यावर. बागलकोट मागे पडलं. दोन्ही बाजूंची काळी रानं तडकलेली, रस्त्यावर समोर पाण्यासारखं चमकणारं मृगजळ. गाडीत गार हवेचा एकसारखा आवाज होता. अण्णांची मान हळूहळू एका बाजूला कलली. ते झोपले. वन्सं थोडा वेळ त्यांच्या छातीकडे बघत राहिल्या, श्वास मोजल्यासारख्या. मग त्यांचंही डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. झोपेने त्यांना एवढं जड झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे अत्याही घोरत होत्या.

नरगुंदजवळ एका झाडाखाली चहाची टपरी दिसली. यजमानांनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला आणि किल्लीला हात न लावता उतरले. मी वन्संचं डोकं हलकेच सीटला टेकवलं आणि बाहेर येऊन दार अगदी हळू लावलं. बाहेर भट्टीसारखा वारा होता. दोन पावलांत माझा ब्लाउज घामाने भिजला.

चहा घेताना मी म्हटलं, "इंजिन चालू आहे."

"माहीत आहे."

"एसी पण."

"असू दे," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम भुवईत उतरत होता, आणि त्यांची नजर गाडीच्या काचेवर होती. "अण्णांच्या ऑपरेशनपासून अक्का नीट झोपलेली नाही. सारखी त्यांचा श्वास ऐकत असते. त्या दिवशी फोनवर मला म्हणाली होती."

 ऊन तसंच कडकडीत होतं. टपरीवाल्याने आमच्याकडे आणि मग घुरघुरणाऱ्या गाडीकडे बघितलं, आणि दोघांनी उन्हात उभं राहून गाडीला गार का ठेवलंय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. अत्या जाग्या झाल्या होत्या. काच दोन बोटं खाली आली.

"मला पण चहा," त्या कुजबुजल्या. "आणि दार उघडू नका. गार जाईल."

यजमान कप घेऊन गेले. दोन बोटांच्या फटीतून कप जाईना. आतून काच आणखी दोन बोटं खाली आली, पुन्हा थांबली, पुन्हा एक बोट खाली आली. कप आत गेला आणि काच ताबडतोब वर. आम्ही दोघांनी तिथेच झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभं राहून आणखी एकेक चहा मागवला.